एको सोड की जरा

परवाच्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी आभार मानले. मंडपवाल्याचे मानले, दूधवाल्याचे मानले, गच्चीची किल्ली ज्यांच्याकडं असते त्यांचेही मानले, आणि मग घसा खाकरून म्हणाले, "मधे मधे जो तांत्रिक बिघाड झाला त्याबद्दल आपल्या साउंडवाल्यांच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त करतो." साउंडवाले म्हणजे मी. बी विंग, तिसरा मजला, मेंटेनन्स वेळेवर भरणारा. आणि बिघाड म्हणजे काय, तर हे स्वतः माइक घेऊन स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले होते. मशीनमध्ये बिघाड नव्हता एवढंच म्हणतो, मग तो कुठं होता ते तुम्ही बघा.

तर सांगलीत विश्रामबागला आमची सोसायटी, आणि सोसायटीकडं एक पॉवर्ड मिक्सर आहे, म्हणजे सगळे माइक जोडून त्यांचा आवाज कमी-जास्त करायचं मशीन, एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुना घेतलेला. पॉवर्ड म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर त्याच्याच पोटात, वेगळा डबा नाही. मागं स्पीकरच्या, स्पीकॉन पिनच्या दोन वायरी खुपसून पिळून लॉक करायच्या, पुढं माइक लावायचे, झालं. ऐकायला इतकं सोपं वाटतं की कमिटीनं ठरवलं, यासाठी माणूस भाड्यानं कशाला, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात ना. मी बँकेत आहे. बँकेत माझ्यासमोर कॉम्प्युटर असतो हे खरं.

गच्चीवर प्लग पॉइंट एकच, पाण्याच्या टाकीजवळ. त्याला एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डावर माझा मिक्सर आणि लायटिंगची माळ. मी वायरीचा गुंता सोडवायला वळलो तेवढ्यात ए विंगच्या वहिनींनी त्याच बोर्डावर त्यांचा मिक्सर लावला, बदाम-वेलदोड्याची पूड करायला. त्याच्या मोटरमध्ये ब्रश असतात, त्यांच्या ठिणग्यांचा कचरा लाइनमधून सरळ माझ्या चॅनेलमध्ये. वहिनी बटण दाबणार आणि दोन्ही स्पीकरमधून खर्रर्र करून बदाम दळले जाणार, तेही स्टिरिओत. वर त्याच मला विचारतात, "भाऊजी, तुमचं मशीन खरखरतंय का हो?"

आणि मग तात्या आले.

तात्या साखर कारखान्यातून रिटायर, इलेक्ट्रिक खात्यातून. त्यामुळं वायर असलेली कुठलीही वस्तू ही त्यांची, बाकीचे लोक ती फक्त वापरतात. गुडघे दुखतात म्हणून सोसायटीच्या मीटिंगला येत नाहीत पण चार मजले चढून गच्चीवर आले, कमरेवर हात ठेवून सगळं बघितलं आणि म्हणाले, "अजून एको सोडला न्हाईस?"

"तात्या, अजून माइकच जोडला नाही."

"मग जोड आणि एको सोड."

माइक जोडला. तो त्यांनी माझ्या हातातून घेतला, आधी बोटानं ठक ठक केलं, मग फू, मग परत फू फू. का फुंकतात कुणास ठाऊक, आत विस्तव नसतो. मी म्हटलं, तात्या, आता प्रोग्रॅममध्ये बोलाल तसं बोला, मला गेन लावायचाय, म्हणजे माइकचा आवाज मशीननं किती वाढवून घ्यायचा ते. गेन लावायची रीत साधी आहे, माणसानं त्याच्या सगळ्यात मोठ्या आवाजात बोलायचं, आपण गोल बटण हळूहळू फिरवत न्यायचं, पीकची लाल लाइट लुकलुकली की थोडं मागं यायचं. तात्या अतिशय हळू, आयसीयूच्या बाहेर बोलावं तसं म्हणाले, "हॅलो." म्हटलं मोठ्यानं. "हॅलो." म्हटलं तात्या, मोठ्यानं. "आरं बोलतोय की, मशीन वाढव." वाढवलं. आणि सातला कार्यक्रम सुरू झाल्यावर हाच माणूस पोटातून ओरडला, "नमस्काऽऽर मंडळीऽऽ!" पहिल्या रांगेतल्या आज्जींनी पदरानं कान झाकले, लाल लाइट लागली ती लागलीच. मी हातवारे केले तर तात्या माइकमध्येच म्हणाले, "असू दे, लाल लागली म्हंजे चालू हाय."

एकोचं प्रकरण वेगळं सांगावं लागेल. मिक्सरमध्ये इफेक्टचं एक बटण असतं, गाण्याला चिमूटभर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दिला की आवाज कोरडा लागत नाही, ठीक आहे. पण तात्यांना तो बोलण्याला पाहिजे. आणि सूचनांना पाहिजे. मी खाली वाकून एक वायर बघत होतो तेवढ्यात यांनी बटण पार टोकाला नेलं आणि सूचना सुरू केली, गेटसमोर लावलेली गाडी काढा म्हणून. "एमएच दहा-दहा-दहा-दहा..." पुढचा नंबर त्या दहांच्या ढिगाऱ्याखाली गेला. अख्ख्या सांगलीच्या गाड्या एमएच दहाच आहेत. आठ-नऊ जण आपापल्या किल्ल्या घेऊन खाली पळाले, ज्याची गाडी होती तो दूध पीत बसला.

मी एको बंद केला. तात्या आले. "का बंद केलास?"

"शब्द कळत नाहीत तात्या."

"शब्द घरात पण कळत्यात की. माइकवर घुमाय पाहिजे."

मग त्यांचं लक्ष अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बटणाकडं गेलं. ते कंडेन्सर माइकला वीज पुरवायला असतं, आमचे सगळे माइक साधे डायनॅमिक, त्याचा काही संबंध नाही. मी सांगायच्या आत दाबलं. ठप्प. "अठ्ठेचाळीस? एवढ्यानं काय हुतंय, दोनशे तीस द्याय पाहिजे." हे इलेक्ट्रिक खात्यातून रिटायर झालेला माणूस बोलतोय.

पण खरा वाद झाला स्पीकरवरून. त्यांच्या घरी दोन बॉक्स पडून होते, तेही जोड म्हणाले, आवाज छातीवर आला पाहिजे. मी समजावलं, आपले आठ-आठ ओहमचे दोन बॉक्स पॅरलल लावलेत, त्याचे झाले चार, आणि या मशीनच्या मागं स्वच्छ लिहिलंय की चारच्या खाली जायचं नाही. तुमचे पण आठ-आठचेच. अजून दोन लावले की दोन ओहम.

"म्हंजे कमी झालं न्हवं? लोड कमी झालेला चांगला."

"तात्या, ओहम कमी झाले की करंट वाढतो. अँप तापेल, प्रोटेक्शनला जाईल, म्हणजे आपोआप बंद पडेल, नाहीतर आउटपुटच उडेल."

"तू मला ओहमचा नियम शिकवतोस?"

"मग तुम्हीच सांगा."

"मी रिटायर झालोय," असं म्हणून ते खुर्चीत बसले. दोन मिनिटं शांतता. मग बसल्या जागेवरून, "विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ह्याच सांगलीत सीता स्वयंवर केलं, तवा कुठं हुता तुझा मिक्सर?"

आता याला काय उत्तर द्यायचं. नाट्यपंढरीत राहायचं म्हणजे पहिल्या मराठी नाटकाचा हा दाखला कधी ना कधी अंगावर येतोच, पण तो आपण फुकट साउंड करत असताना यावा हे जरा जास्त होतं. मी म्हटलं, तेव्हा एको पण नव्हता तात्या. त्यावर ते म्हणाले, "दरबारात आपोआप घुमत असंल."

वाईट याचं वाटतं की इथून जवळच मिरजेत तंबोरे बनतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनसुद्धा मिळालं. तिथली माणसं तंबोऱ्याच्या घोड्यावर, म्हणजे तारा ज्याच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखाली एक सुताचा दोरा सरकवत बसलेली असतात, केसभर पुढं, केसभर मागं, जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, नीट लागून तार मोकळी बोलेपर्यंत. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले ते मिरजेत. एवढा कान असलेला मुलूख आणि त्यातल्या गच्चीवर एवढीच मागणी, की घुमू दे. जाऊ दे, विषय कराओकेचा चालला होता.

कराओके म्हणजे मोबाइल आला. हल्लीच्या मोबाइलला ईपी पिनचं, म्हणजे हेडफोनचं, भोक नसतं, मग टाइप-सीचं शेपूट, त्याला ईपी, तिकडून दोन पी-थर्टीएट म्हणजे जाड पिना, त्या स्टिरिओ चॅनेलला. मी सगळ्यांना सांगितलं होतं, फोन फ्लाइट मोडवर टाका, गाणं आधी डाउनलोड करून ठेवा. सी विंगचे सर गात होते, दुसरं कडवं रंगात आलेलं, आणि गाणं थांबून रिंग वाजली, पूर्ण तीनशे वॅटमध्ये. सरांनी घाबरून फोन कट करायच्या ऐवजी उचलला. मग अख्ख्या गच्चीनं ऐकलं, "सर, आपल्याला प्री-अप्रूव्ड पर्सनल लोन..." सगळे माझ्याकडं बघायला लागले. अहो मी बँकेत आहे म्हणून प्रत्येक बँकेचा फोन मी लावलेला नसतो.

पण हे बघणंच मुळात डोक्यात जातं. तासभर सगळं नीट ऐकू येत असतं तेव्हा कुणाची मान मागं वळत नाही. कूंऽऽ झालं की दीडशे माना एकदम मागं. आणि शिट्टी मारते कोण? माइकनं स्पीकरचाच आवाज उचलला, अँपनं तो वाढवून परत स्पीकरला दिला, माइकनं तो परत उचलला, असं ते चक्र. म्हणून तर स्पीकर पुढं आणि गाणारा मागं असं मी खडूनं रेघ मारून ठेवलं होतं. पण गाताना लोकांना प्रेक्षकांत उतरायचं असतं. उतरले की स्पीकरच्या पुढ्यात. त्यात नवीन पोरं माइकची जाळी मुठीत धरतात, टीव्हीवर बघून. त्या माइकची रचनाच अशी असते की मागून येणारा आवाज त्यानं कमी घ्यावा, आणि त्यासाठी जाळीच्या मागच्या अंगानं हवा आत जायला वाट ठेवलेली असते. ती मुठीनं बुजवली की माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. मग कूंऽऽ. मग मी धावत इक्वलायझरची दोन हजार हर्ट्झची दांडी खाली ओढणार, शिट्टी थांबणार, आवाज जरा बसका होणार आणि तात्या खुर्चीतून ओरडणार, "आवाज बसला, एको सोड!"

तेवढ्यात कुणीतरी मिक्सरवर मसाला दुधाचा ट्रे ठेवला. सपाट दिसला म्हणून. मागं पंख्याची जाळी, तिच्यावर शाल-श्रीफळातली शाल. मी ट्रे उचलला तर त्या काकू म्हणाल्या, "असू दे की, तुम्हाला काय अडचण?" मला काही अडचण नाही काकू, त्यात दोनशे तीस व्होल्ट आहेत, अडचण झालीच तर सगळ्यांनाच होईल. माझ्या वाट्याला दूध आलं ते गार, वर जाड साय, बदाम तळाशी गेलेले. ते बदाम मी आधीच ऐकले होते.

आणि शेवटी साडेनऊला शेजारच्या सोसायटीतून निरोप, आवाज कमी करा. २००० सालचे नियम आहेत, रात्री दहाला स्पीकर बंद, मान्य, मी स्वतः दहाच्या आत मास्टर शून्यावर आणणारा माणूस आहे. पण याच लोकांच्या खिडकीखालून गणपतीत डॉल्बी जातो, कपाटातली भांडी चालायला लागतात, तेव्हा हे गॅलरीत उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढतात. माझ्या दोन बारा इंची बॉक्सचा मात्र त्रास होतो, कारण मला सांगता येतं. डॉल्बीवाल्याला कोण सांगणार? नियमात रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. समोरासमोर साधं बोलणं साठच्या आसपास जातं, म्हणजे खरं तर दहानंतर तात्यांनाच बंद करायला पाहिजे.

भाड्यानं माणूस आणला असता तर त्याला हजारो रुपये दिले असते, वर त्याला चहा विचारला असता, आणि त्याच्या मशीनला हात लावायची कुणाची छाती झाली नसती. फुकटच्या माणसाच्या बटणाला सगळ्यांची बोटं. दीड मजला तो मिक्सर एकट्यानं उतरवला, बाकीचे खुर्च्या मोजत होते. जिन्यात कुणी म्हणालं नाही की धरू का.

काल सकाळी तात्या जिन्यात भेटले. "रविवारी नातीचं बारसं हाय. मशीन घिऊन ये."

म्हटलं, भाडं काय देणार?

"भाडं? आरं सोसायटीचं मशीन ते!"

"मशीनचं नाही, माझं."

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "जेवण हाय की. जिलबी हाय."

"बघतो. पण एको मिळणार नाही."

"असं कसं? आत्या पाळण्यात वाकून कानात कुर्र करणार, नाव सांगणार, ते घुमाय नको?"

म्हटलं तात्या, ते फक्त बाळाला ऐकू जायचं असतं.

"म्हणूनच म्हणतोय," तात्या म्हणाले, "लोकांना कसं कळणार? पाळण्यात माइक लागंल. बिनवायरचा बघ."