घंटा, पेंड आणि पान्हा: तासगावच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घंटेसारख्या आवाजापाठोपाठ खाणं देत गेलं की कुत्र्याला नुसत्या आवाजानंच लाळ सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवनं दाखवलं; तसाच म्हशीचा पान्हाही आवाजाला जोडता येतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘रेडकू मेल्यापासून म्हैस अडते. पंधरा दिवस घंटा वाजवली, ढिम्म! कुत्र्याची लाळ वेगळी, म्हशीचा पान्हा वेगळा, तुमचा पाव्हलॉव पुस्तकात ठेवा,’ असं तुम्ही लिहिलंय.

लाळ आणि पान्हा वेगळे, हे कबूल. लाळेचा हुकूम मज्जातंतूंतून थेट ग्रंथीला जातो. पान्ह्याला मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटून कासेपर्यंत पोचावं लागतं. म्हणून म्हैस मिनिट-दोन मिनिटं घेते, कधी जास्तही. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, म्हशीच्या जेमतेम विसावा. पान्हा नाही तर धार नाही. पण बादलीचा खणखणाट ऐकूनच काही जनावरांच्या सडातून थेंब गळतात, तो पाव्हलॉवचाच प्रकार.

आता तुमची घंटा. पेंड गव्हाणीत पडल्यावर ती वाजवत होता, हे तुमचंच वाक्य. पेंड समोर आल्यावर घंटेनं म्हशीला नवं काय सांगितलं? शिवाय तसलीच घंटा तिच्या गळ्यात दिवसभर वाजते. फुकट ऐकून ऐकून शिळ्या झालेल्या आवाजाला जनावर सहजी अर्थ जोडत नाही. लुबो आणि मूर या संशोधकांनी १९५९ साली हे शेळ्या-मेंढ्यांवरच दाखवलं.

गोठ्यात एरवी न होणारा आवाज घ्या, म्हणजे रिकाम्या डब्यावर चमच्याचे तीन टोले. टोल्यांनंतर दोन-तीन सेकंदांत पेंड टाका आणि कोमट पाण्यानं कास धुऊन मिनिटभर चोळा. पेंड तिच्या रोजच्या वाट्यातलीच, जादा नको. पान्हा आला की पाच-सात मिनिटांत धार उरका, कारण ऑक्सिटोसिन लवकर ओसरतं. वेळ आणि माणूस बदलू नका. पोरांनी गंमत म्हणून डबा बडवला तर केलेलं पाण्यात.

म्हशीनं लाथ मारली की तुम्ही पेंडीची मूठ टाकता, असंही तुम्ही लिहिलंय; तो वेगळा धडा. तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या खात्यातला: ज्या कृतीनंतर बक्षीस मिळतं, ती वाढते. लाथेला मजुरी मिळतेय! मूठ बंद केलीत की आधी लाथा वाढतील. चौथ्या दिवशी वैतागून पुन्हा टाकलीत तर सवय आणखी चिवट होईल. काठीही नको, घाबरलेल्या जनावराचा पान्हा ॲड्रेनॅलिन अडवतं.

मात्र लाथा नव्यानंच सुरू झाल्या असतील तर आधी सड बघा: चीर, गाठ, दुधात गुठळ्या. दगडी (कासेचा दाह) निघाली तर डबा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.