‘कणखर नेता आला की महिन्याभरात बंदुका खाली’: हे खरं नाही, आणि का नाही ते नीट वाचा

भाचीने स्पर्धा परीक्षेच्या वहीत एक फिरता मेसेज जसाच्या तसा उतरवून घेतलेला दिसला, म्हणून हे लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: पॅलेस्टिनी नेत्यांची इच्छाच नाही. एखादा नवा, कणखर नेता आला तर तो हमास, इस्लामिक जिहाद वगैरे सगळ्या सशस्त्र गटांना महिन्याभरात निःशस्त्र करेल. पॅलेस्टिनी नेते यासर अराफातनी १९९६ साली ते करून दाखवलंय, हाताशी हजारो पोलीस आहेत, पंजाबात खलिस्तानवाद्यांचं जे झालं ते तिथेही होईल. आणि नाहीच ऐकलं तर पैसे तोडा. उद्या हेच उत्तरपत्रिकेत उतरणार, म्हणून राग येतो.

पहिली गोष्ट म्हणजे नव्या नेत्याचा प्रयोग होऊन गेलाय. अराफात ११ नोव्हेंबर २००४ ला वारले आणि ९ जानेवारी २००५ च्या निवडणुकीत महमूद अब्बास सुमारे ६२ टक्के मतं घेऊन पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे, म्हणजे तिथल्या मर्यादित अधिकारांच्या सरकारचे, अध्यक्ष झाले. सशस्त्र उठाव ही चूक होती असं उघड म्हणणारा हा माणूस. मेसेजवाल्यांना हवा तसाच. चारच दिवसांनी, १३ जानेवारीला, गाझाच्या कार्नी नाक्यावर हल्ला झाला, सहा इस्रायली मेले आणि इस्रायलचे पंतप्रधान शॅरॉन यांनी अब्बास यांच्याशी संपर्क थांबवला. अब्बास यांचा शपथविधीसुद्धा तोवर व्हायचा होता. त्या हल्ल्याची जबाबदारी घेणाऱ्यांत हमाससोबत अल-अक्सा ब्रिगेडही होती, म्हणजे अब्बास यांच्याच फतह पक्षातून निघालेला गट. प्रचारात वेस्ट बँकमधल्या जेनिनला याच ब्रिगेडच्या झकारिया झुबेदीने आणि त्याच्या माणसांनी अब्बासना खांद्यावर घेतलं होतं. ज्यांच्या खांद्यावर बसून मतं मागितली, त्यांच्याच हातातली बंदूक काढून घ्यायची होती.

अब्बासनी काय केलं? उत्तर गाझात पोलीस उभे केले, ८ फेब्रुवारीला शर्म अल-शेखला शॅरॉन यांच्याबरोबर शस्त्रसंधी जाहीर केली, मार्चमध्ये कैरोत गटांना एकत्र बसवून वर्षअखेरपर्यंत ‘तहदिया’, म्हणजे शांतता, मान्य करून घेतली. हमासने ती बऱ्याच अंशी पाळली, हे मान्य करायला हवं. इस्लामिक जिहादने मात्र फेब्रुवारीत तेल अवीवला आणि जुलैत नेतान्याला आत्मघाती स्फोट घडवले. आणि ७ सप्टेंबरला गाझा शहरात अराफात घराण्यातले मूसा अराफात यांच्या घरावर ऐंशी-शंभर बंदूकधारी चालून गेले. मूसा अराफात म्हणजे काही महिन्यांपूर्वीपर्यंत सुरक्षा दलाचे प्रमुख. अर्धा तास चकमक चालली, त्यांना ओढून बाहेर काढून मारलं. प्राधिकरणाच्याच प्रिव्हेंटिव्ह सिक्युरिटी या सुरक्षा दलाचं मुख्यालय तिथून अगदी जवळ होतं. वेळेवर कोणी आलं नाही. कारण उघड आहे: त्या पोलिसाला त्याच गल्लीत राहायचं असतं, हल्लेखोरांत त्याचा चुलतभाऊ असतो, आणि उद्या त्याच्या कुटुंबाचा सूड घेतला गेला तर त्याला वाचवणारं न्यायालय नसतं.

आता ‘हजारो पोलीस’. हा मुद्दा वाचून सर्वांत जास्त चीड येते, कारण आकडा खरा आणि निष्कर्ष पूर्ण खोटा. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधला २८ सप्टेंबर १९९५ चा दुसरा ओस्लो करार उघडा, त्याचं पहिलं परिशिष्ट वाचा. वेस्ट बँकेसाठी मर्यादा दिलीय: १२,००० पोलीस, ४,००० रायफली, ४,००० पिस्तुलं, १२० मशीनगन, आणि दंगलीसाठी शस्त्र न बसवलेली १५ हलकी वाहनं. बेरीज करा, माणशी एक बंदूकसुद्धा येत नाही. पुढे प्रत्यक्षातले आकडे बदलले, पण शस्त्रं आत आणायला इस्रायलची संमती लागते हे बदललं नाही. त्याच करारात जमिनीचे तीन भाग केलेत. ‘अ’ भागात पॅलेस्टिनी पोलीस, ‘ब’ मध्ये सुरक्षेचा अंतिम अधिकार इस्रायलकडे, ‘क’ म्हणजे जवळपास ६० टक्के जमीन पूर्ण इस्रायलच्या ताब्यात. ‘अ’ भाग सलग नाही, बेटं आहेत. नाब्लुसहून जेनिनला पोलिसांची सशस्त्र तुकडी हलवायची तर आधी इस्रायली समन्वय कार्यालयाला कळवून होकार घ्यावा लागतो. आणि इस्रायली सैन्य रात्री ‘अ’ भागात शिरतं तेव्हा पॅलेस्टिनी पोलीस ठाण्यात जाऊन दार लावून घेतात, कारण समोरासमोर आले तर दोन्ही बाजूंनी गोळी चालेल. सकाळी हाच पोलीस बंदूक मागायला गेला की लोक विचारतात, रात्री कुठे होतास?

संख्येने काम होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी जून २००७ चं गाझा आठवावं. पगारपटावर प्राधिकरणाचे लोक हमासपेक्षा कितीतरी जास्त होते. हमासने पाच-सहा दिवसांत गाझा घेतलं.

इच्छेचं म्हणाल तर त्याचंही उदाहरण आहे. ५ डिसेंबर २०२४ ला प्राधिकरणाने जेनिनच्या निर्वासित छावणीत कारवाई सुरू केली. छावणी अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही लहान. वेढा घातला, वीज-पाणी तुटलं, आतल्या गल्ल्यांत गटांनी स्फोटकं पेरलेली, सुरक्षा दलाचीही माणसं मेली. सहा आठवडे उलटले तरी छावणी हाती आली नाही, आणि २१ जानेवारी २०२५ ला इस्रायली सैन्य स्वतःची मोहीम घेऊन आत शिरलं. एका छावणीची ही कथा. मेसेजमध्ये सगळ्या पॅलेस्टाइनसाठी एक महिना दिलाय.

१९९६ चं अर्धसत्य आहे, ते नाकारत नाही. फेब्रुवारी-मार्चमधल्या बसस्फोटांनंतर अराफातनी खरोखर शेकडो लोकांना तुरुंगात टाकलं, आणि हमासला ते जड गेलं. पण तेव्हा इस्रायली सैन्य नुकतंच शहरांतून मागे गेलं होतं, जानेवारीत निवडणूक झाली होती, राज्य मिळणार असं लोकांना वाटत होतं. अटकेला लोकांचा मूक पाठिंबा होता. तो आधार गेला तेव्हा तीच माणसं सुटली.

२००७-०८ मध्येही थोडं जमलं. तेव्हाची पद्धत पाहा. माफी द्यायच्या बंदूकधाऱ्यांची यादी आधी इस्रायलकडून मंजूर व्हायची, जुलै २००७ च्या यादीत १७८ नावं होती. मग त्या माणसाने लेखी हमी द्यायची, शस्त्र जमा करायचं, काही काळ प्राधिकरणाच्या आवारातच राहायचं, त्यानंतर सुटका. जोडीला आधी नाब्लुसला पोलीस, मग मे २००८ मध्ये जेनिनला जॉर्डनमध्ये शिकवून आणलेल्या तुकड्या. गल्लीतली गुंडगिरी, खंडणी आटोक्यात आली. बिघडलं कुठे? माफी देणं आणि काढून घेणं दोन्ही इस्रायलच्या हातात. झुबेदीने ती घेतली होती. २०११ मध्ये ती रद्द झाली. पुढच्याने बंदूक द्यावी तर कुठल्या भरवशावर? २०२२ पर्यंत नाब्लुस-जेनिनमध्ये नवे गट उभे राहिले, त्यांतली कित्येक पोरं २००७ मध्ये प्राथमिक शाळेत होती.

पंजाबच्या तुलनेवर फार वेळ घालवत नाही. तिथे स्वतःचं सैन्य, सीमा, न्यायालयं, तिजोरी असलेला सार्वभौम देश, भारत, होता. इथे यातलं काहीच नाही.

आणि ‘पैसे तोडा’. हा सल्ला नुसता चूक नाही, घातक आहे. १९९४ च्या पॅरिस करारानुसार आयातीवरचे कर इस्रायल गोळा करतं आणि ते त्याने दरमहा प्राधिकरणाला द्यायचे असतात. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तोच. २००६ मध्ये हमास निवडणूक जिंकल्यावर तो पैसा रोखला गेला. पगार तुटला तो कोणाचा? शिक्षकांचा, परिचारिकांचा आणि पोलिसांचा. हमासला बाहेरून पैसा येतच राहिला. १ ऑक्टोबर २००६ ला गाझात पगारासाठी रस्त्यावर उतरलेल्या सुरक्षा जवानांची हमासच्या दलाशी गोळीबाराने गाठ पडली, माणसं मेली. ज्यांच्याकडून बंदुका जमा करून घ्यायच्या, त्यांचंच दल उपाशी ठेवून हे होणार होतं का? २०२१ च्या अखेरपासून प्राधिकरणाचे कर्मचारी पुन्हा अर्धवट पगारावर आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जेनिनच्या त्या स्फोटकं पेरलेल्या गल्ल्यांत पाठवलेले जवानही त्यातलेच.