प्रीपॉस्टरस : आधी कळस, मग पाया

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून असलेली आमची गल्ली पावसाळ्याआधी काँक्रीटची झाली आणि कडेच्या पांढऱ्या पट्ट्यांचा रंग ताजा असतानाच जलवाहिनी टाकण्यासाठी मधोमध कापलीही गेली. कटरचा कर्कश आवाज ऐकून गॅलरीत आलेले शेजारचे निवृत्त गृहस्थ ‘प्रीपॉस्टरस!’ एवढेच म्हणाले. नातीने अर्थ विचारल्यावर त्यांनी ‘मूर्खपणाचे’ असे सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु आपण हा शब्द किती अचूक वापरला, हे बहुधा त्यांच्याही लक्षात आले नसावे.

लॅटिनमध्ये ‘प्रे’ म्हणजे आधी आणि ‘पोस्टेरुस’ म्हणजे नंतरचा. जे मागाहून यायचे तेच पुढे आले, ही उलटापालट या शब्दाच्या पोटातच आहे आणि सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत तो क्रम उलटल्याच्या अर्थानेही वापरला जात असे. पुढे क्रमाची बाजू झिजली आणि अकलेला न पटणारे ते सारे प्रीपॉस्टरस ठरू लागले.

आपण मात्र अशा सगळ्याच इंग्रजी शब्दांना सरसकट ‘हास्यास्पद’ हा एकच प्रतिशब्द चिकटवतो. वास्तविक तो ‘रिडिक्युलस’चा हक्काचा शब्द आहे, कारण त्याच्या मुळाशी हसणे आहे. ‘ल्युडिक्रस’च्या मुळाशी खेळ आहे आणि त्याला आपला ‘पोरखेळ’ चपखल बसतो. ‘ॲब्सर्ड’ मुळात बेसूर. म्हणून जे कशाशीच जुळत नाही त्याला ‘विसंगत’ म्हणावे. प्रीपॉस्टरससाठी मला प्रथम ‘वरातीमागून घोडे’ सुचले होते (घोडबंदरच्या रहिवाशाला घोडे आधी आठवणारच), पण त्या म्हणीत उशीर झाल्याची बोच अधिक आहे. ‘आधी कळस, मग पाया’ यात मात्र नेमकी तीच उलटापालट आहे आणि आमच्या गल्लीत तर ती अक्षरशः घडली.

शब्दाचा अर्थ कालांतराने रुंदावतो, याला माझा आक्षेप नाही. परंतु न आवडलेल्या प्रत्येक गोष्टीवर तोच शिक्का मारला, की शब्दाची धार जाते. परवा सोसायटीच्या सभेत पार्किंगचे शुल्क दुप्पट करण्याचा ठराव आला, तेव्हा दोघातिघांनी पुन्हा ‘प्रीपॉस्टरस’ म्हटले. ते शुल्क अवाच्या सवा आहे, हे मलाही मान्य आहे. पण त्यात मागचे पुढे असे काहीच झालेले नाही.