नेरुळकरांना उत्तर: गटाराला काय कळतं, काय नाही

नमस्कार नेरुळकर,

('एक नेरुळकर' एवढीच सही केलीत, त्यामुळे साहेब म्हणावं की ताई, कळेना. म्हणून नुसतंच नेरुळकर. राग मानू नका.)

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नवी मुंबईच्या मलप्रक्रिया केंद्रांवर येणारं सांडपाणी दर आठवड्याला विषाणूंसाठी तपासलं जावं, साथ असो वा नसो. त्यावर तुम्ही चांगलीच झाडाझडती घेतलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. ही तपासणी म्हणजे लॅबवाल्यांचं खेळणं आहे. आजारी कोण ते तिच्यातून कळत नाही. 'साथ आठवडाभर आधी कळते' ही थाप आहे. लोकांना उगाच घाबरवणं आहे. उद्या एखाद्या सेक्टरवर शिक्का बसेल. आणि दिघा, इलठणपाडा, तुर्भे इथल्या वस्त्यांचं पाणी मुळात केंद्रापर्यंत जातच नाही, मग मोजताय कोणाला? वर शेवटी टोला: 'लेखक कधी चेंबरपाशी उभे तरी राहिलेत का?'

टोल्यापासून सुरुवात करतो, कारण तो लागला.

उभा राहिलोय. अकरा वर्षं. एका मलप्रक्रिया केंद्राच्या लॅबमध्ये मी ठेकेदाराकडून केमिस्ट होतो; कुठल्या ते सांगत नाही. बीओडी, सीओडी (पाण्यात घाण किती याची मापं; आकडा कमी तेवढं पाणी स्वच्छ) आणि क्लोरीन हे माझं रोजचं काम. केंद्रात पाणी शिरतं तिथे मोठी जाळी असते. तिच्यावर सगळं शहर अडकतं: दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, केसांचे गुंते, गुटख्याच्या पुड्या, गणपतीनंतर दोन दिवस झेंडूच्या पाकळ्या. जाळीतून सुटतात त्या टोमॅटोच्या आणि मिरचीच्या बिया. माणसाच्या पोटातून जाऊन, सगळी प्रक्रिया भोगून त्या गाळात उतरतात, आणि पावसाळ्यात गाळाच्या ढिगावर टोमॅटोची रोपं तरारून येतात. आमचा एक हेल्पर ते टोमॅटो घरी न्यायचा. मी नाही खाल्ले.

तिथेच एक धडा मिळाला, तोही माझ्याच चुकीने. नमुना सकाळी साडेआठला घ्यायचा असा आमचा शिरस्ता. एकदा रात्रपाळीत मी आळसाने पहाटे चारलाच दोरीला बादली बांधून नमुना भरून ठेवला. बीओडीचा आकडा इतका कमी आला की वरचे साहेब खूश झाले. वास्तविक काही सुधारलं नव्हतं, शहर झोपलं होतं एवढंच. पहाटे चारला गटारात येतं ते टपकणाऱ्या नळांचं आणि जमिनीतून झिरपलेलं पाणी. खरं पाणी चढतं ते सकाळी, लोकल पकडणारे घरून निघायच्या आधी. हार्बरवरून सीएसएमटीला जाणारा माणूस दिवसभर मुंबईत असतो, पण सकाळचा हिशेब तो बहुतेक घरीच चुकता करून निघतो. म्हणून विषाणूच्या तपासणीत एका बादलीवर भरवसा ठेवत नाहीत. चोवीस तास थोडं थोडं पाणी गोळा करून एकत्र करतात. ते जमत नसेल तर निदान सकाळच्या भरतीला, दर वेळी त्याच घटकेला नमुना घेतात. आणि घेतात तो आत येणाऱ्या पाण्याचा. क्लोरीन पडल्यानंतर तपासून काही उपयोग नाही.

आता 'आठवडाभर आधी' या मुद्द्याकडे येतो. इथे तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि माझा लेख इथे ढिला होता हे कबूल. २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सांडपाण्याच्या गाळात करोनाचा आरएनए (विषाणूचा जनुकीय धागा) रोज मोजला गेला. रुग्णांचे रिपोर्ट जाहीर होण्याच्या तारखा धरल्या तर गाळ ६ ते ८ दिवस पुढे होता. स्वॅब घेतला त्या तारखा धरल्या तर फक्त ० ते २ दिवस. इस्पितळात भरती होण्याच्या १ ते ४ दिवस आधी. म्हणजे गाळ काही भविष्य सांगत नव्हता. माणसांचे रिपोर्ट रखडत होते, गाळाचे रखडत नव्हते, एवढाच फरक. पण २०२० चा उन्हाळा आठवा. रिपोर्ट यायला किती दिवस लागायचे आणि तोवर माणूस कुठे कुठे फिरून यायचा? रखडणं हाच आपल्याकडचा नियम असेल तर न रखडणारी गोष्ट हाताशी हवी. अर्थात गटाराचा नमुनाही कुठल्या लॅबच्या फ्रीजमध्ये पंधरा दिवस पडून राहिला तर माझा सगळा युक्तिवाद त्याच फ्रीजमध्ये गेला.

आणि रिपोर्ट निदान येत तरी होते. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती किटला परवानगी मिळाली, किंमत २५० रुपये. निकाल ॲपवर टाकायचा होता. तुमच्या बिल्डिंगमध्ये किती जणांनी टाकला? जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉनच्या लाटेत आमच्या मजल्यावर चार घरांत ताप होता, चारही घरांत किटवर दोन रेघा आल्या होत्या, आणि सरकारी आकड्यात त्यांपैकी एकही घर नव्हतं. कोणी लपवाछपवी केली नाही. वाफ घेतली, पॅरासिटामॉल घेतली, बरे झाले. त्या आठवड्यात रुग्णसंख्येच्या आलेखावर माझा विश्वास उरला नव्हता. संडासाला मात्र चारही घरं जात होती.

'आजारी कोण ते कळत नाही' हे शंभर टक्के खरं, आणि त्यासाठी ही तपासणी नाहीच. माझ्या मते 'आजारी किती' हेही तिला विचारू नये. ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी आणि आयआयसीटी या संस्थांनी सांडपाण्यावरून अंदाज मांडला की शहरात सहा लाखांहून अधिक लोकांना लागण झालेली असावी. संस्था मोठ्या, काम नेकीचं. तरी डोकी मोजण्याचा हा प्रकार मला धाडसी वाटतो, कारण एक रुग्ण शौचातून जेवढा विषाणू टाकतो त्याच्या हजारो पट दुसरा टाकतो, आणि तिसरा काहीच टाकत नाही. विचारायचं ते एवढंच: मागच्या आठवड्यापेक्षा वाढलं की घटलं?

तेही सोपं नाही, कारण पाणी कधी दाट, कधी पातळ. आपल्याकडे पावसाचं पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पण जुलैत अंगणात पाणी तुंबलं की लोक काय करतात? सरळ मैल्याच्या चेंबरचं झाकण उचलतात. पाणी जातं, आणि आमच्या केंद्रावर सगळं पातळ होऊन येतं. अशा वेळी विषाणू कमी दिसला तर साथ ओसरली की पाऊस जास्त झाला, ओळखायचं कसं?

इथे मिरची कामाला येते. थट्टा नाही. मिरचीच्या झाडाला होणारा एक विषाणू आहे, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. माणसाला तो काही करत नाही. पण आपण ठेचा खातो, शेजवान चटणी खातो, तिखट घातलेली आमटी खातो, आणि तो पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. माणसाच्या विष्ठेत सर्वाधिक सापडणाऱ्या आरएनए विषाणूंपैकी तो एक. म्हणून पाण्यात मैल्याचा अंश किती हे त्याच्यावरून ठरवता येतं: करोनाचा आकडा भागिले मिरचीच्या विषाणूचा आकडा. पाऊस पडला तर दोन्ही सारखेच पातळ होतात, गुणोत्तर फारसं हलत नाही. ही युक्ती आधी परदेशात रूढ झाली, पण मला ती आपल्याच स्वयंपाकघरासाठी काढल्यासारखी वाटते.

शिक्क्याचं म्हणाल तर ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. २०२० मध्ये आमच्याच सोसायटीने एका घराच्या दारावर स्टिकर लावून त्यांच्या दूधवाल्याला गेटवर अडवलं होतं. मी कमिटीत होतो आणि गप्प बसलो. केंद्रावर येणारं पाणी लाखभर माणसांचं मिसळलेलं असतं, त्यातून कुणाचं दार सापडत नाही. एका इमारतीच्या पाइपाची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२० मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू दिसल्यावर तिथल्या ३११ जणांची चाचणी केली आणि लक्षणं नसलेले दोन जण शोधून काढले. तिकडे त्याचं कौतुक झालं. आपल्या हाउसिंग सोसायटीत हे नको, या मताचा मी आहे. नमुना केंद्रावर किंवा फार तर मलउदंचन केंद्रावर (मैलापाणी पंपाने पुढे ढकलतात तिथे) घ्यावा, त्याच्या खाली उतरू नये.

घाबरवण्याचा आरोप दोन वाक्यांत निकालात काढतो. सांडपाण्यात सापडतात ते करोनाचे बहुतेक तुकडेच असतात. त्याचं बाहेरचं आवरण चरबीचं, साबणाच्या पाण्यातही टिकत नाही. तरी रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पिकलेला पालक मी घेत नाही, पण त्याचं कारण करोना नाही, बाकीचं सगळं आहे.

आता दिघा. तुमचा हा मुद्दा वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. माझ्या लेखात मी 'शहर' हा शब्द सरसकट वापरला, आणि माझ्या डोळ्यांसमोर होते सेक्टर. सिडकोने आखलेले, जमिनीखाली वाहिन्या असलेले. पारसिक डोंगराच्या उतारावरच्या वस्त्यांतलं पाणी कुठे उघड्या नाल्यातून खाडीकडे जातं, कुठे सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत साठतं. केंद्राच्या जाळीवर ते येतच नसेल, तर सर्वांत दाटीने राहणारी माणसंच हिशेबाबाहेर राहतात. साथ तिथे आधी पसरेल आणि आमचा आलेख सपाट दिसेल. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण यावरून तपासणीच नको असं म्हणाल तर मी तुम्हाला पोलिओकडे नेईन. पोलिओत लागण झालेल्या साधारण २०० जणांत एकाला कायमचा लुळेपणा येतो. लुळं पडलेलं मूल दिसेपर्यंत विषाणू गल्लीभर फिरलेला असतो. म्हणून मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी सांडपाणी तपासलं जाऊ लागलं, आणि ते काही चकचकीत केंद्रावरून सुरू झालं नाही. धारावीसारख्या वस्त्यांचं पाणी घेतलं गेलं, कारण धोका तिथे होता. परळला हाफकिनच्या आवारातल्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात ते तपासलं जायचं, म्हणजे आपल्यापासून तासाभरावर. भारतातला रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला. तपासणी त्यानंतरही थांबली नाही. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये एकही मूल लुळं पडलं नसताना सांडपाण्यात पोलिओ सापडला आणि डोस पाजायला घेतले. २०२२ मध्ये लंडनच्या बेक्टन केंद्रातही तो सापडला, लसीतल्या विषाणूपासून बदलत गेलेला, आणि शहरातल्या १ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं.

तेव्हा वस्तीचं पाणी केंद्रावर येत नसेल तर नमुना घेणाऱ्याने वस्तीकडे जावं. नाल्यातून घ्यायचा तर वस्ती संपते तिथेच, कारखाने सुरू व्हायच्या आधी. एमआयडीसीतलं रसायन मिसळलं की पीसीआर, म्हणजे विषाणू शोधणारी चाचणी, बिघडते, विषाणू असूनही 'नाही' असं उत्तर येतं. पावसाळ्यात डोंगराचं पाणीही त्याच नाल्यात येतं, पण त्याला मिरचीचा उपाय वर सांगितलाच आहे.

शौचालयाच्या टाक्यांचं मात्र मला नीट सुचलेलं नाही. टाकी उपसणारी गाडी आली की तिच्यातून नमुना घेणं सोपं आहे. पण टाकीत महिनोन्महिन्यांचा मैला एकावर एक साठलेला असतो. त्यात आज काय आहे आणि दिवाळीत काय होतं हे वेगळं कसं करणार? टाकीच्या आधीच्या पाइपातून, सकाळी रांग असते तेव्हा नमुना घेता आला तर जमेल. त्यासाठी पाइपाला झाकण हवं, आणि शौचालय चालवणाऱ्याची तयारी हवी.

तुम्ही प्रतिक्रियेत इलठणपाड्याच्या ज्या शौचालयाचा उल्लेख केलात, त्याच्या टाकीआधी चेंबर आहे का? आणि उपसणारी गाडी किती महिन्यांनी येते? माहीत असेल तर खाली लिहा. रविवारी सकाळी मला वेळ असतो, दोघं जाऊन बघून येऊ. बादली माझ्याकडे आहे.