स्टेनो जाणार, ज्युनिअर जाणार, तारखा संपणार? नाही!

वकिलांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतोय. मजकूर साधारण असा: सुप्रीम कोर्टात एआय सुनावणी टाइप करतं, केरळनं ते साक्षीलाही लावलं, म्हणजे आता स्टेनो नको, केस लॉ, म्हणजे जुने निवाडे, शोधायला ज्युनिअर वकील नको आणि तारखांवर तारखाही नकोत.

आधी सुप्रीम कोर्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथं हे सुरू झालं, तेही महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या घटनापीठापुढच्या सुनावणीपासून. माहिती खरी आहे. पण तिथं टाइप झाले ते वकिलांचे इंग्रजी युक्तिवाद. युक्तिवाद म्हणजे पुरावा नव्हे. त्यातला शब्द चुकला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. जिल्हा न्यायालयात नोंदवतात ती साक्ष, बहुतेकदा मराठीत, आणि जन्मठेप ठरते ती तिच्यावर.

ती नोंदवतात कशी? उलटतपासात वकील विचारतो, “घटनेच्या वेळी तुम्ही तिथं नव्हता, बरोबर?” साक्षीदार म्हणतो, “हो.” होता की नव्हता? साहेब, म्हणजे न्यायाधीश, थांबवतात, पुन्हा विचारतात. “होतो की साहेब, विहिरीपाशीच होतो.” मग साहेब स्टेनोला सांगतात: “हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी तेथे हजर नव्हतो.” सत्र खटल्यातली साक्ष सहसा अशी निवेदनाच्या रूपातच घ्यावी, असं कायदाच सांगतो, प्रश्नोत्तरं जशीच्या तशी घ्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. साक्षीदार मान हलवतो, आरोपीकडे बोट दाखवतो, एखाद्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. माइकमध्ये यातलं काही येत नाही. शिवाय साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि तो “असं नाही बोललो” म्हणाला तर दुरुस्ती करायची किंवा त्याची हरकत लिहून ठेवायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३१३ व्या कलमानं साक्षीदाराला दिलेला हा हक्क आहे आणि घाईच्या दिवशी सगळ्यात आधी तोच कापला जातो. मशीनचा मजकूर ‘अचूक’ मानायची सवय लागली, तर तो पुरताच जाईल, ही माझी खरी काळजी.

केरळचं उदाहरण तर मेसेजच्या विरोधात जातं. तिथल्या उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये आधी धोरण आणलं: निष्कर्ष, आदेश, निकाल यांसाठी एआय वापरायचं नाही. १ नोव्हेंबरपासून साक्ष टाइप करायला ते लावलं, ते त्यानंतर. शॉर्टहँडची वही कदाचित जाईल, हे मला मान्य आहे. पण टाइप झालेलं ओळ न् ओळ तपासणारा माणूस लागणारच, आणि आमच्याकडे त्यालाच स्टेनो म्हणतात.

ज्युनिअरचं म्हणाल तर न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीनं रचलेले सहा निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. ते लांबचं वाटत असेल तर मुंबई उच्च न्यायालय घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथं आयकर खात्याचा एक आदेश रद्द होऊन फेरविचारासाठी परत गेला. ज्या निवाड्यांचा त्यात आधार घेतला होता, ते अस्तित्वातच नव्हते. एआयनं दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयानं बजावलं. निवाडा उघडून, परिच्छेद वाचून, नंतरच्या एखाद्या निकालानं तो फिरवला गेला नाही ना हे पाहणं हे ज्युनिअरचंच काम, आणि आता ते वाढलंय.

तारखा टायपिंगमुळे पडत नाहीत. समन्स बजावलं जात नाही, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते, सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, येत नाही, न्यायाधीशांची जागा रिकामी असते. जिथं तंत्रज्ञानानं तारीख खरोखर वाचते, ते या मेसेजमध्ये नाहीच: व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष तशी घेता येते, हे सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्राच्याच डॉ. प्रफुल्ल देसाई खटल्यात २००३ मध्ये मान्य केलं.

मागायचंच असेल तर मी हे मागेन: तालुक्याच्या प्रत्येक कोर्टात चांगला माइक, साक्षीचं पूर्ण ध्वनिमुद्रण आणि अपील संपेपर्यंत ते जपून ठेवायची सक्ती. म्हणजे वाद झाला तर उच्च न्यायालयाला कागदासोबत आवाजही ऐकता येईल. आणि स्टेनोची रिकामी पदं भरा.