कॅन्टीनचा गॅस बंद झाला, भाकरी बंद नाही

जळगाव एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्याच्या कॅन्टीनबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘गॅस बंद, म्हणून कळण्याची भाकरी अन् भरीत बंद, विजेच्या शेगडीच्या किरणांनी अन्न विषारी होतं.’ यातलं गॅस बंद होऊन विजेच्या इंडक्शन शेगड्या आल्याचं तेवढं खरं.

किरणांचं आधी. इंडक्शनमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, त्यानं भांड्याच्या बुडातच वीज फिरते आणि बूड तापतं. अन्नाला त्या बुडाची उष्णता मिळते, बाकी काही नाही. पेसमेकर असलेल्यांनी मात्र चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहावं. जुनी अ‍ॅल्युमिनियमची पातेली तिच्यावर तापत नाहीत, म्हणून बदलली.

भाकरी विजेच्या सपाट तव्यावर होते. ज्वाळ नाही, त्यामुळे फडक्यानं दाबून फुगवावी लागते. मावश्यांचा हात बसतोय. भरिताचं खरं सांगायचं तर विजेच्या भट्टीत वांगं शिजतं, भरीत होत नाही. ते कपाशीच्या काड्यांवर भाजलेलंच बाहेरून मागवू.

विजेवर गेल्यानं ‘प्रदूषण शून्य’ होईल असं कंपनीनं म्हटलेलं नाही. साक्रीत सौर प्रकल्प असला तरी भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसाच जळतो, आणि ग्रीडची वीज मिसळूनच येते. फायदा एवढाच की स्वयंपाकघरातली धग कमी झाली, आणि गॅसची बरीच उष्णता भांड्याबाहेर वाया जायची ती वाचते.

थाळीचा दर तोच आहे.