हरण्या सर्च केलं तर बैल दिसतात

मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीय पण केळीवाल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, आन ज्यांच्याकडे केळी नाही त्यांनी पण वाचा, कारण विषय नुसत्या केळीचा नाहीये, आपल्या भाषेतलं ज्ञान सर्चला का सापडत नाही याचा आहे.

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. आमच्या चुलतभावाची रावेर तालुक्यात मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी), टिश्यू कल्चरची म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची 5 हजार खोडं, दीड-दोन महिन्यांची बाग. आठ-दहा दिवस नुसतं ढगाळ, रिमझिम पाऊस, ऊन म्हणून नाही. एका सकाळी त्याला कोवळ्या पानांवर पिवळ्या रेघा दिसल्या. आधीच्या काळी शेजारच्या बांधावर जाऊन कोणाला तरी दाखवलं असतं, आता फोन खिशातच असतो, तर बागेत उभ्या उभ्या त्याने "केळी पानावर पिवळ्या रेघा उपाय" टाकलं. वर जाहिराती, त्याखाली एक लांबलचक लेख, त्यात लिहिलेलं की ही अन्नद्रव्यांची कमतरता आहे, आन लेखाच्या खाली लगेच औषधाची लिंक. त्याने 3,800 रुपयांचं टॉनिक मागवलं. यायला चार दिवस, फवारून फरक पडतो का बघण्यात आठ दिवस. बारा दिवस गेले असेच.

तेराव्या दिवशी गावातले आबा सहज बागेत आले, एक पान हातात धरलं आन म्हणाले, "हरन्या हाये ना भो हा. उपट आन गाडून टाक, आन पयले मावा आवर."

पहिल्या दिवशी 60-70 झाडं होती. शेवटी सातशेच्या वर उपटली. भाऊ दोन दिवस नीट जेवला नाही, वहिनी सांगत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. विषाणू आहे, लागलेलं झाड कोणत्याच फवारणीने बरं होत नाही. मावा, म्हणजे पानातला रस शोषणारा बारीक किडा, त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो, काकडी, भोपळा, टमाटे, मिरची आन बांधावरचं तण यांच्यावर पण तो राहतो, म्हणून केळीत ही पिकं घेऊ नका सांगतात. रेघा दिसल्या की झाड उपटून नष्ट करायचं, तण काढायचं, माव्यावर फवारायचं आन मोकळ्या जागी नवीन रोप लावायचं, बस. इथं एक एक दिवस मोलाचा असतो.

त्या रात्री मी जळगावला घरी बसून स्वतः सर्च करून बघितलं. "हरण्या" टाकलं तर शर्यतीच्या बैलांचे व्हिडिओ आले, बैलांची नावं असतात ना तशी. "मावा" टाकलं तर बर्फी आन गुलाबजाम. मग इंग्रजीत त्या विषाणूचं पूर्ण नाव टाकलं तेव्हा कुठं बरोबर माहिती आली, ती पण भरपूर, फोटोसकट. पण ज्याला ते नाव माहीत आहे त्याला सर्च करायची गरजच काय? ज्याच्या बागेत रोग आलाय त्याच्याकडे फक्त आपला शब्द आहे, आन त्या शब्दाला नेटवर फारसं कोणी ओळखत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते सांगतो. आमच्या भागात केळीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, भाऊ पण त्यात आहे. नंतर मी त्यातले जुने मेसेज वर वर करत गेलो तर त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधली व्हॉइस नोट सापडली, याच आबांची, दोन मिनिटांची, हरण्या कसा ओळखायचा, करप्यात (पानं करपवणारा दुसरा रोग) आन त्यात फरक काय, कधी उपटायचं, सगळं सांगितलेलं. म्हणजे उत्तर भावाच्या फोनमध्येच होतं! त्याच फोनवरून त्याने टॉनिक मागवलं.

सर्च इंजिन काम कसं करतं बघा. त्याचे प्रोग्राम नेटवरची उघडी पानं वाचत फिरतात आन त्यातल्या शब्दांची सूची बनवतात, पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. आपण शब्द टाकला की त्या सूचीतून पानं काढून वरखाली लावून देतात. 1998 मध्ये गुगल सुरू झालं तेव्हा त्यांची मोठी युक्ती हीच होती की ज्या पानाकडे दुसरी पानं लिंक देतात ते भरवशाचं, लिंक म्हणजे जणू एक मत, आन मत देणारं पान जितकं वजनदार तितकं मत भारी. आता अजून बऱ्याच गोष्टी बघतात, पण मुळात उघड्यावर लिहिलेलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद खोली आहे, तिथलं सर्चला दिसत नाही, आन ते बरोबरच आहे, आपलं खाजगी बोलणं कोणी वाचू नये. कृषीच्या जुन्या मराठी पुस्तिका कितीतरी स्कॅन करून टाकलेल्या, नाहीतर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या, माणसाला मराठी दिसतं पण मशीनला ती नुसती खिचडी. मग मराठीत उघड्यावर राहतं काय, तर जास्त करून ज्यांना जाहिरातीचे पैसे कमवायचेत त्यांनी लिहिलेलं. "आजचा केळी भाव" टाकून बघा, पाच पानं उघडाल तेव्हा एकात भाव सापडेल, तो पण कधीचा कोण जाणे. खरा भाव, म्हणजे भावाच्या बोर्डावर काय लागला आन बांधावर कापणी प्रत्यक्षात कितीने झाली, हे सगळं ग्रुपमध्ये असतं.

धंद्याचं पण तेच. माझी मावसबहीण सावद्याकडे केळीचे वेफर्स बनवते. एका एजन्सीवाल्याने 15 हजार घेतले, म्हणाला ताई तुम्हाला पहिल्या पानावर आणतो. त्याने नुसती जाहिरात लावली होती, महिनाभर दिसली, पैसे संपले की गायब. जाहिरातीच्या जागेचा प्रत्येक सर्चला लिलाव होतो, आपल्या बाजार समितीत रोज होतो तसा, त्यात मोठ्या कंपनीपुढे तिची बोली कुठं टिकणार. नंतर आम्ही दोघांनी बसून तिच्या पानावर साधी माहिती लिहिली, तेल कोणतं, किती दिवस टिकतात, उपवासाला चालतात का, पुण्याला कुरिअर किती दिवसात जातं. हळूहळू फोन यायला लागले, फार नाही, पण येतात आन त्याला पैसा लागला नाही.

कोणी म्हणेल मोठ्या कंपन्यांनीच सगळं अडवून ठेवलंय. ते खरं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने सांगितलं की गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली, आयफोनवर तेच सर्च आधीपासून असावं म्हणून एकट्या 2022 साली अ‍ॅपलला 20 अब्ज डॉलर दिले हे पण त्या खटल्यात बाहेर आलं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने 2022 च्या ऑक्टोबरात अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1,337 कोटींचा दंड लावला. हे व्हायलाच पाहिजे, अजून कडक व्हायला पाहिजे. पण उद्या ती मक्तेदारी मोडली आन दहा नवीन सर्च इंजिनं आली तरी "हरण्या" टाकल्यावर ती दहाच्या दहा बैलच दाखवतील, कारण आपण फारसं लिहिलेलंच नाही. आता तर सर्चच्या वर एआयचं तयार उत्तर येतं, लोक खाली पान उघडत पण नाहीत, आन ते उत्तर पण लिहिलेल्या मजकुरातूनच बनतं. 2016 ला जिओ आलं आन नेट बांधापर्यंत पोचलं, पण बांधावरचं ज्ञान नेटवर गेलं नाही, वाहतूक एकाच दिशेने चाललीय.

म्हणून परवा रविवारी मी गावी गेलो, आबांना ओट्यावर बसवलं आन फोनवर रेकॉर्डिंग लावलं. चाळीस मिनिटं बोलले. हरण्या, करपा, कांदेबागेला (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीला) थंडीत काय होतं, पाणी कधी तोडायचं, सगळं. ते मी युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनला वाचता येईल अशा मराठीत टाईप करतोय, प्रत्येक रोगाचं आपलं नाव, पुस्तकी मराठी नाव आन इंग्रजी नाव देवनागरीत, तिन्ही एकाच पानावर, सोबत आपल्याच बागेतले फोटो. औषधांचं जे काही आहे ते कृषीच्या जाणकार माणसाकडून तपासल्याशिवाय टाकणार नाही. लिंक तयार झाली की इथंच देतो, कोणालाही वाचता येईल, लॉगिन नाही.

मला एवढंच हवंय की खाली कमेंटमध्ये तुमच्या गावात या रोगाला काय म्हणतात ते गावाच्या नावासकट लिहा. यावल, चोपडा, मुक्ताईनगर, शहादा, शिरपूर, तिकडे बऱ्हाणपूरवाले पण. व्हॉइस नोट नको, टाईप करा. चुकलं तरी चालेल, अहिराणीत लिहा, लेवा बोलीत लिहा, मी सगळे शब्द त्या पानावर टाकतो. मृगबागा लावून झाल्यात, ढग पण यायला लागलेत, जरा घाई करा.